पौषी पुनवेचा बैलबाजार

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्याहून कल्याणमार्गे मुरबाड गाठले आणि तेथून कर्जतकडे जाणारा रस्ता धरला, की म्हसा हे गाव लागते. तेथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची, म्हणजेच म्हसोबाची, यात्रा भरते आणि तिच्यातच बैलांचा बाजारही लागतो. तिला दोनशे वर्षांची परंपरा सांगितली जाते.

यात्रा देवाची खरी. पण तिची तिथी भातशेतीला इतकी सोयीची आहे, की ती कोणा जाणत्या कुणब्यानेच ठरवली असावी, असे मला वाटते. मार्गशीर्षापर्यंत झोडणी उरकून भात कणगीत पडलेले असते, त्यामुळे हाती चार पैसे आणि सवड ही दोन्ही एकदम येतात. शिवाय पौषात घेतलेल्या बैलाला नव्या दावणीची आणि जोडीदाराची सवय होण्यास मृगापर्यंत अवधी मिळतो.

आपल्या चिखलणीला, म्हणजे लावणीआधी भातखाचरात चिखल करण्याला, डांगी बैलाचीच जात हवी. अकोले, इगतपुरीच्या डोंगरपट्ट्यात पोसलेल्या या बैलाच्या कातडीतून तेलकट अंश पाझरतो, म्हणून आषाढसरींचा त्याला फारसा त्रास होत नाही, आणि त्याचे काळे, टणक खूर पाण्यात सहसा मऊ पडत नाहीत. खिल्लार देखणा खरा, पण तो माणदेशाच्या कोरड्या रानाचा.

गिऱ्हाईक प्रथम बैलाचा जबडा उघडून पाहते. खालचे पुढचे आठही दात आलेला तो जुळलेला. त्याआधीचे दोनदाती, चारदाती, सहादाती. मग दलाल उपरण्याखाली गिऱ्हाइकाचा हात घेतो आणि बोटे दाबून भाव सांगतो. भोवती माणसे उभी असतात, पण आकडा दोघांपुरताच राहतो. सौदा पटला, की इसार दिला जातो.

पुढे पॉवर टिलर आले आणि दावणी विरळ झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बंद केलेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली, तेव्हा शर्यतीच्या बैलांचे भाव वधारले. मात्र 2022 मध्ये लम्पी या गुरांच्या त्वचारोगाच्या साथीमुळे राज्यभरातील जनावरांचे बाजारच बंद करावे लागले.

घोंगड्यांची दुकाने मात्र आजही लागतात; चिंचोक्यांची खळ दिलेले घोंगडे खोळ करून पांघरले, की लावणीच्या पावसात पाठ कोरडी राहते. दोरखंडवाल्यांचाही धंदा बरा चालतो, कारण बैल विकला तरी त्याचे दावे अनेक शेतकरी देत नाहीत. ते सोडून, गुंडाळून, घरी परत नेतात.