तारा किती लागतील?

न्यू जर्सीतलं मरे हिल, १९७४. बेल लॅब्जमध्ये तैवानच्या एक तरुण गणितज्ञ रुजू झाल्या. फॅन चुंग. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्गदर्शक हर्बर्ट विल्फ यांनी त्यांना रॅमसे सिद्धान्त (मोठ्या रचनेत कुठेतरी सुव्यवस्था सापडतेच, असं सांगणारी गणिताची शाखा) वाचायला दिला होता. आठवड्याभरात चुंग परतल्या त्या त्यातला एक निकाल सुधारूनच. पुढे तोच प्रबंधाचा गाभा झाला.

हे झालं शुद्ध गणित. ‘उपयोग काय?’ विचारलं की गणितवाले विषय बदलतात, त्यातलं.

पण बेल लॅब्ज पडली टेलिफोन कंपनीची. तिथले प्रश्न तारांचे.

समजा, हजार इनपुट, हजार आउटपुट. त्यातली कोणतीही पन्नास इनपुट घ्या, कोणतीही पन्नास आउटपुट घ्या. कोण कोणाला जोडलं जातं, याचा आग्रह नाही. पण पन्नास वाटा निघायला हव्यात, आणि मधल्या एकाही बिंदूवर दोन वाटा भेटता कामा नयेत. सगळं सगळ्याला जोडलं तर तारा दहा लाख. कमीत कमी किती पुरतील?

१९७९ मध्ये चुंग यांनी दाखवलं, मोठ्या जाळ्यात दर इनपुटमागे साधारण ३८.५ तारा पुरतात. जाळं कितीही वाढो, हे प्रमाण वाढत नाही.

मात्र सिद्धता संभाव्यतेची. असं जाळं असतं, एवढंच ती सांगते. ते विणायचं कसं, हे नाही. इंजिनिअरनं कपाळाला हात लावावा असंच हे उत्तर! पण हाती आलेलं जाळं कितपत चांगलं आहे, हे त्याच्या आयगेनव्हॅल्यूंवरून, म्हणजे जोडण्यांच्या तक्त्यातून काढलेल्या खास संख्यांवरून, ओळखता येतं. चुंग यांचं १९९७ चं गाजलेलं पुस्तक याच विषयावरचं.

त्या पुस्तकाच्या बऱ्याच आधी बेल कंपनीचे तुकडे झाले होते आणि चुंग त्यातून निघालेल्या बेलकोर या संशोधन कंपनीत गेल्या होत्या. १९८९ मध्ये त्यांचे दोन निबंध आले. एक, ऑप्टिकल फायबरमधून अनेकांचे संदेश एकाच वेळी पाठवता यावेत यासाठीच्या कोडवर. दुसरा, यादृच्छिक नसूनही तसेच वागणाऱ्या आलेखांवर (आलेख म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं जाळं), निखळ सिद्धान्ताचा. दोन्हींत सहलेखक वेगळे, चुंग सामायिक.

२००० मध्ये पुन्हा टेलिफोनच. नंबर म्हणजे बिंदू, कॉल म्हणजे रेषा. बहुतेक नंबरांना मोजके कॉल, थोड्यांना प्रचंड. विल्यम आयेलो आणि लिनयुआन लू यांच्यासोबत चुंग यांनी हे अवाढव्य जाळं दोनच संख्यांनी ठरणाऱ्या मॉडेलमध्ये बसवलं. वेबपानांच्या दुव्यांतही हीच विषमता दिसत होती. २००७ मध्ये त्या वेबपानांच्या क्रमवारीकडे वळल्या आणि तिथे त्यांनी वापरलं उष्णता पसरण्याचं समीकरण.