पिळलेल्या सात तारा

मंडळी, ही माझ्या हातातली चपटी केबल जरा नीट बघा. जुन्या फ्लॉपी ड्राइव्हची, 34 तारांची आहे. एका टोकाजवळ मधल्या काही तारा कापून, उलटवून पुन्हा बसवल्यासारख्या दिसतात. 10 ते 16 क्रमांकाच्या या सात तारा. ही पीसीवाल्यांची युक्ती. दोन्ही ड्राइव्हचे जंपर, म्हणजे ड्राइव्हचा क्रमांक ठरवणाऱ्या छोट्या खुंट्या, एकाच जागी ठेवायचे. पिळाच्या पुढे जी लागते ती ए ड्राइव्ह, अलीकडची बी. ड्राइव्हचा दिवा चालू करताच लागला आणि विझतच नसेल, तर केबल उलटी बसलीय असं समजा.

हे सांगायचं कारण म्हणजे महाल भागातले एक गृहस्थ. वडिलांच्या कविता घेऊन आले होते, सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर. दुसरी प्रत कुठंच नव्हती. बाजारातून आणलेली यूएसबी ड्राइव्ह साडेतीन इंची. त्यांची फ्लॉपी तिच्यात जाणार कशी? आजच्या मदरबोर्डवर 34 पिनांची जागाही नसते. म्हणून मी ग्रीसवीझल नावाचा छोटा बोर्ड वापरतो. तो फाइली बघतच नाही. चुंबकीय बदल किती वेळाच्या अंतरानं येतात तेवढंच टिपून यूएसबीनं पीसीला देतो. अर्थ नंतर लावायचा. ड्राइव्हला मात्र 12 व्होल्टही लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. वेगळा पॉवर सप्लाय हवाच.

माझ्याकडे 1.2 एमबीची ड्राइव्ह आहे, 80 ट्रॅकची, म्हणजे तबकडीवरच्या 80 गोल वाटांची. फ्लॉप्या 360 केबीच्या, 40 ट्रॅकच्या. वाचायला अडचण नाही, हेड, म्हणजे वाचणारा-लिहिणारा भाग, दोन-दोन पावलं सरकतं. पण लिहू नका! बारीक हेडनं लिहिलेलं रुंद हेडच्या जुन्या ड्राइव्हला धड वाचता येत नाही. म्हणून फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर आधी चिकटपट्टी लावा, खाच झाकली की लिहिणं बंद. साडेतीन इंचीत नेमकं उलटं, तिथं खिडकी उघडी म्हणजे लिहिणं बंद.

आता माझी चूक सांगतो. पहिली फ्लॉपी मी न तपासताच घातली. आपल्याकडं मे महिन्यात भट्टी आणि जुलैत ओल. तिच्यावर पांढरी बुरशी धरली होती. खरखर ऐकून लगेच काढली, तर तबकडीच्या बाहेरच्या कडेला एक चकचकीत रेघ उमटलेली. लेप खरवडून गेला होता. नेमका शून्याचा ट्रॅक, आणि 360 केबीच्या डॉस फ्लॉपीत फाइलींची अख्खी यादी तिथंच असते. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं आणि उरलेल्या फ्लॉप्या उजेडात धरून एकेक तपासल्या.

यादी गेली, तरी आतले ट्रॅक शाबूत होते. मजकूर सीडॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट कार्डावर, म्हणजे पीसीवर भारतीय लिप्या आणणाऱ्या कार्डावर टाइप केलेला, म्हणजे इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात. आजच्या युनिकोड संकेतातली देवनागरी इस्कीवरूनच घेतलेली असल्यामुळे अक्षरांना अक्षरं जुळवता आली. त्या फ्लॉपीवरच्या कविता बिननावाच्या तुकड्यांत मिळाल्या. कोणता तुकडा कोणत्या कवितेचा, हे त्या गृहस्थांच्या आईनं ऐकून सांगितलं.