न जळलेलं गाव

मंडळी, गावाचं नाव आधी दोनदा म्हणून घेऊ, म्हणजे पुढे अडखळायला नको: कोप्रिवश्टित्सा. बल्गेरियन भाषेत 'कोप्रिवा' म्हणजे एक रानपाला. अंगाला लागला की आग होते, पण तिकडे त्याचं सूपही करतात. सोफियापासून साधारण 110 किलोमीटरवर, स्रेद्ना गोरा या डोंगररांगेत, हजार मीटरांहून अधिक उंचीवर हे गाव आहे. वस्ती जेमतेम दोन-अडीच हजार. रेल्वे स्टेशन गावापासून नऊ किलोमीटर लांब, गर्द झाडीत. तिथून बसने टोपोलनित्सा नदीच्या काठाकाठाने आत जायचं.

बस उतरलो तेव्हा पाऊस नुकता थांबला होता. गुळगुळीत दगडांची फरसबंदी, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच भिंती आणि त्यांत भक्कम लाकडी दरवाजे. भिंतींवरून डोकावणारी घरं निळी, पिवळसर, विटकरी. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला. पुण्या-वाईचे वाडे पाहिलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. फरक एवढाच, की आपले वाडे आत चौकाकडे तोंड करून बसतात आणि ही घरं बागेकडे.

हा पैसा आला मेंढ्यांमधून. बल्गेरियावर जवळपास पाचशे वर्षं उस्मानी तुर्कांची सत्ता होती. इथले व्यापारी हजारो मेंढ्यांचे कळप इस्तंबूलला पोचवत, सुलतानासाठी मेंढ्यांवरचा कर वसूल करण्याचा मक्ता घेत, लोकरीच्या जाड कापडाचा व्यापार करत. त्यांनी बांधलेल्या घरांपैकी ओस्लेकोव्हचं घर 1853 ते 1856 या काळातलं. दर्शनी भागात लाकडाचे तीन उंच खांब आहेत. लाकूड लेबनॉनहून आणलं म्हणून सांगतात. भिंतीवर परदेशी शहरांची चित्रं. आत बैठकीच्या खोलीत छताला कोरीव लाकूडकाम आणि भिंतीला लागून रुंद बाकं. मी बराच वेळ त्या छताकडे बघत उभा होतो.

मंडळी, मला आज ज्याबद्दल बोलायचंय ते या घरांच्या सौंदर्याच्या पलीकडचं आहे. ही घरं आज उभी का आहेत?

1876 साली तुर्कांविरुद्ध देशव्यापी उठाव ठरला होता. मुहूर्त होता तेव्हाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे मे महिन्याचा. पण बातमी फुटली आणि तोदोर काब्लेश्कोव्ह या तरुणाला पकडायला शिपाई कोप्रिवश्टित्सात आले. तो सुखवस्तू घरातला, शिकलेला, वय पंचवीस. त्याच पंचांगाप्रमाणे तारीख होती 20 एप्रिल, आजच्या हिशेबाने 2 मे. छोट्याशा दगडी पुलापाशी पहिली गोळी सुटली. तो पूल आजही आहे, चार पावलांत ओलांडता येतो. काब्लेश्कोव्हने घाईघाईने पत्र लिहिलं आणि मारल्या गेलेल्या तुर्काच्या रक्ताने त्यावर क्रूस काढला. हे 'रक्ताचं पत्र' डोंगरापलीकडच्या पानाग्युरिश्तेला त्याच दिवशी पोचलं आणि तिथेही उठाव झाला.

हत्यारं कसली, तर चेरीच्या झाडाचं खोड आतून पोखरून, त्यावर लोखंडी कडी चढवून केलेल्या तोफा. लाकडाच्या तोफा! त्यांनी उस्मानी फौजेसमोर किती टिकायचं? काही आठवड्यांत सगळं चिरडलं गेलं. पानाग्युरिश्ते जाळलं गेलं. बाताक या गावात जी कत्तल झाली तिची वर्णनं जानुएरियस मॅकगहान या अमेरिकन पत्रकाराने लंडनच्या वर्तमानपत्रात छापली आणि युरोप हादरला. पुढच्याच वर्षी रशियाने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारलं आणि 1878 मध्ये बल्गेरियन राज्य पुन्हा उभं राहिलं. काब्लेश्कोव्हने ते पाहिलं नाही. पकडला गेल्यावर गाब्रोवोच्या कोठडीत त्याने स्वतःचा जीव घेतला.

आणि कोप्रिवश्टित्सा? तिथल्या श्रीमंतांनी खंडणी भरली आणि गाव वाचवलं. मेंढ्यांच्या पैशाने घरं बांधली, त्याच पैशाने ती राखली. त्यांना भ्याड म्हणणं सोपं आहे. मला ते म्हणवत नाही. कारण तो ओस्लेकोव्ह, तीन खांबांच्या घराचा मालक, त्याने बंडवाल्यांसाठी कपडे शिवून घेतले आणि त्यापायी त्याचा जीव गेला. म्हणजे एकाच गल्लीत खंडणी देणारेही होते आणि फासावर जाणारेही. म्हणून सांगतो, कोप्रिवश्टित्सा पाहिलंत तर पानाग्युरिश्तेलाही जा. तिथे राइना क्न्यागिन्या या वीस वर्षांच्या शिक्षिकेचं घर आहे. 'स्वातंत्र्य किंवा मरण' या अक्षरांचा झेंडा तिने शिवला. तुरुंगात हाल सोसले, मग मॉस्कोला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन आपल्या बायकांची बाळंतपणं केली. लोक तिथे 1949 मध्ये सापडलेल्या सोन्याच्या भांड्यांबद्दल जास्त विचारतात. सहा किलोंहून अधिक सोनं आहे, विचारणारच. मला राइना जास्त मोलाची वाटते.

भाषेची एक गंमतही सांगतो. आमच्या घरमालकीण आजी बोलताना कानावर शब्द पडत: दुकान म्हणजे 'द्युक्यान', तवा 'तावा', मोहल्ला 'महाला'. आणि शत्रू म्हणजे 'दुश्मानिन'. फारसी-अरबीतले हे शब्द तुर्कांबरोबर त्यांच्याकडे गेले, सुलतानशाह्यांच्या काळात आपल्याकडे आले. परक्या राज्यकर्त्यांनी मागे ठेवलेलं हे सामान दोघांनीही घरात नीट लावून ठेवलंय.

गावात कवी दिम्चो देबेल्यानोव्हची कबर आहे. पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तो ग्रीसमध्ये लढताना पडला. संध्याकाळी वडिलांच्या घरी परतावं, उंबऱ्यावर आईने घ्यावं, अशी त्याची कविता तिकडे मुलांना तोंडपाठ असते. त्याच्या अस्थी गावी आल्या त्या 1931 मध्ये. कबरीपाशी शिल्पकार इव्हान लाझारोव्हने दगडाची आई बसवली आहे. डोक्याला रुमाल, हनुवटीखाली हात. ती रस्त्याकडे बघते आहे. तिच्यासमोर मला फार वेळ थांबवलं नाही.

परतताना आमच्या दारावर लावलेला कागद पहिल्यांदा नीट पाहिला. बल्गेरियात माणूस गेला की त्याचा फोटो छापलेलं पत्रक दारावर लावतात आणि दर वर्षश्राद्धाला नवं लावतात. फोटो आजींच्या यजमानांचा होता. पावसाने एक कोपरा सुटला होता. आजी बाहेर आल्या, तळव्याने तो कोपरा दाबून बसवला आणि अंगणाच्या आतल्या भिंतीतल्या बुटक्या दाराकडे गेल्या. अशा दाराला तिथे 'कोमशुलुक' म्हणतात, शेजारदार. रस्त्यावर न येता एका अंगणातून दुसऱ्यात जाण्यासाठी ही दारं असतात. आजी वाकून पलीकडे गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या, हातात मेंढीच्या दुधाच्या दह्याचा वाडगा होता, आणि त्यांच्या मागोमाग शेजारीणही वाकून आत आली, आम्हाला बघायला.