दहा वर्षं न पडलेला सेफ्टी स्विच

(बोर्ड जवळून. बोट एका छोट्या बटणावर.)

सेफ्टी स्विचवरचं हे बटण बघा. कुठे यावर नुसतं 'टी' लिहिलेलं असतं, कुठे 'टेस्ट'. तुमच्या बोर्डावरही असेल आणि पैजेवर सांगतो, बसवल्या दिवसापासून त्याला कोणी बोट लावलेलं नाही.

(कॅमेऱ्याकडे.)

लोक मला विचारतात, "आमचा सेफ्टी स्विच सारखा पडतो, काय करू?" त्याचं उत्तर आज देणारच आहे. पण मला खरी धास्ती वाटते ती दुसऱ्या मंडळींची. "आमचा दहा वर्षांत एकदाही पडला नाही, एकदम मस्त आहे!" म्हणणाऱ्यांची. अहो, मस्त आहे की मेलाय, हे तुम्हाला कसं कळलं?

आधी नावांचा घोळ मिटवू. सेफ्टी स्विच म्हणजे आरसीसीबी, करंट कुठे गळायला लागला की लाइन तोडणारा. जुने वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात. खरं तर ते जुन्या, वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्राचं नाव, पण तोंडात बसलंय ते बसलंय. आणि त्याच्या शेजारी रांगेत उभे असतात ते एमसीबी. बरेच जण एमसीबीलाच सेफ्टी स्विच समजतात, आणि घात तिथेच होतो.

एमसीबी तुमच्यासाठी नसतो, तो वायरसाठी असतो. भार जास्त झाला, शॉर्ट झालं, वायर तापायला लागली की तो पडतो. आता हिशोब करा. ओल्या हाताने तुम्ही फेजला शिवलात. अंगाचा रेझिस्टन्स ढोबळमानाने 1000 ओहम धरू. 230 व्होल्टला तुमच्यातून जाणार 230 मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरसुद्धा नाही. हृदयाची लय बिघडवायला तेवढा भरपूर झाला. आणि एमसीबी असतो 6 अँपिअरचा, 16 चा, 32 चा. त्याच्या दृष्टीने तुम्ही म्हणजे एक मोठासा बल्ब. तो पडणारच नाही.

आरसीसीबी मात्र किती करंट वाहतोय हे बघतच नाही. तो फक्त जमाखर्च बघतो. त्याच्या आत एक लोखंडी कडं असतं, बांगडीसारखं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला, की दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात आणि कडं शांत राहतं. पण गेले 5 अँपिअर आणि परत आले 4.97, तर मधले 30 मिलिअँपिअर गेले कुठे? कुठून तरी जमिनीत. भिंतीच्या ओलीतून गेले असतील, गिझरच्या कॉइलमधून, किंवा तुमच्यातून. एवढ्याशा फरकाने कड्यावरच्या बारीक गुंडाळीत करंट तयार होतो, रिले सुटतो, खटका खाली.

हा 30 चा आकडा माणसाच्या अंगाला केवढा? बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डालझील नावाचे प्राध्यापक होते. माणसांवर प्रयोग करून त्यांनी मोजलं की किती करंटपर्यंत माणूस हातातली वायर स्वतःहून सोडू शकतो. पुरुषांमध्ये सरासरी 16 मिलिअँपिअर, बायकांमध्ये साधारण साडेदहा. त्याच्या वर गेलं की स्नायू आखडतात, मूठ सुटत नाही. म्हणजे 30 ला शॉक बसतच नाही असं अजिबात नाही. बसतो, चांगला सणसणीत बसतो. फरक इतकाच, की तो हृदयावर बेतायच्या आत खटका पडलेला असतो. नियम असा, की 30 मिलिअँपिअरला जास्तीत जास्त 300 मिलिसेकंद, आणि त्याच्या पाचपटीला, म्हणजे 150 ला, 40 मिलिसेकंद.

100 आणि 300 मिलिअँपिअरचेही मिळतात. ते आगीपासून बचावाला आहेत, माणसासाठी नाहीत. जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात, तेव्हा आकडा वाचून घ्या.

आणि एक गोष्ट तो करू शकत नाही, ती आत्ताच सांगतो. एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल, पायात कोरडी रबरी चप्पल, अशा वेळी करंट एका वायरने जाऊन तुमच्यातून दुसऱ्या वायरने परत येतो. जमाखर्च जुळला. स्विच गप्प. त्यामुळे स्विच आहे म्हणून चालू लाइनवर काम करायचं नाही.

आता अर्थिंग. "आमच्याकडे अर्थिंग नाही, पण सेफ्टी स्विच आहे, चालेल ना?" स्विच काम करेल, अर्थिंगशिवायसुद्धा करतो. पण कसा? अर्थिंग असेल, तर वॉशिंग मशीनच्या पत्र्यात करंट उतरला त्याच क्षणी तो जमिनीत जातो आणि स्विच पडतो, तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत असता. अर्थिंग नसेल, तर पत्रा जिवंत होऊन वाट बघत बसतो. मग तुम्ही हात लावता, करंटला वाट मिळते, स्विच पडतो. ती वाट म्हणजे तुम्ही. चालेल का, ते आता तुम्हीच सांगा.

बसवण्याबद्दल. हे काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचं, पण तो काय करतोय ते तुम्हाला कळलं पाहिजे, म्हणून माझ्या घरची गोष्ट सांगतो. खालच्या मजल्याला एक आरसीसीबी, वरच्या मजल्याला एक, असे दोन नवे बसवले. सगळं छान. संध्याकाळी जिन्यातला दिवा लावला आणि खाली अंधार. खटका वर केला, दिवा लावला, पुन्हा अंधार. कधी एक पडे, कधी दोन्ही. ज्याने बसवले तो म्हणाला, "पीसच खराब आहेत, तूर्त डायरेक्ट करून देतो." डायरेक्ट म्हणजे काय कळलं ना? स्विच जागेवर दिसतो, पण वायरी त्याला वळसा घालून जातात. शोभेचा स्विच.

पीस खराब नव्हते. जिन्यातल्या दिव्याला फेज खालून दिला होता आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा घेतला होता, कारण तो जवळ होता. 9 वॉटचा एलईडी, तोही किमान 40 मिलिअँपिअर ओढतोच. खालच्या स्विचला दिसतं, 40 गेले, परत काहीच नाही. वरच्याला दिसतं, मी काही पाठवलंच नाही आणि हे 40 आले कुठून? दोघेही बरोबर होते. चूक वायरिंगची, तीही कितीतरी वर्षांची, आणि या दोघांनी ती पहिल्या दिवशी पकडली.

म्हणून प्रत्येक आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल त्याचाच, स्वतंत्र न्यूट्रल पट्टीवर. दुसऱ्याचा उसना घ्यायचा नाही आणि पुढे कुठेही अर्थला जोडायचा नाही. इन्व्हर्टरची लाइन नंतर ओढली असेल तर तिथेही हाच घोळ सापडतो, तेव्हा आधी तिकडे बघा.

आरसीसीबीला स्वतःला ओव्हरलोड कळत नाही, एमसीबी सोबत लागतोच. दोन्ही कामं एकाच डबीत करणारा तो आरसीबीओ. जागा आणि ऐपत असेल तर मी प्रत्येक सर्किटला आरसीबीओच सांगेन. अख्ख्या घराला एकच स्विच लावला, की अंगणातल्या दिव्यात पाणी शिरलं म्हणून फ्रिजही बंद. तुम्ही गावाला गेलेले असाल तर परत आल्यावर फ्रिज उघडायचं धाडस होत नाही.

स्विचचा टाइपही बघा. टाइप एसीला साधा एसी लीकेजच, म्हणजे गळणारा, दिशा बदलत राहणारा करंटच कळतो. इन्व्हर्टर वॉशिंग मशीन, एअर कंडिशनर, एलईडी, कॉम्प्युटर यांच्या आतल्या सर्किटमुळे लीकेजमध्ये डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचा, अंश मिसळतो आणि तो पाहून टाइप एसी आंधळा होऊ शकतो. आजच्या घराला किमान टाइप ए घ्या. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरचं प्रकरण वेगळं आहे. तिथे टाइप बी लागतो, नाहीतर चार्जरमध्येच 6 मिलिअँपिअर डीसी ओळखणारी सोय लागते आणि मग टाइप ए चालतो.

आता पडणाऱ्या स्विचकडे. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर. ज्याला पडेल ते सर्किट. मग त्यावरचे सगळे प्लग काढा आणि एकेक लावत जा. बहुतेक वेळा गिझर, इस्त्री, मिक्सर नाहीतर बाहेरची घंटा सापडते. पण कधी कधी सगळे एमसीबी खाली असतानाही स्विच टिकत नाही आणि माणूस चक्रावतो. कारण साधं आहे. एका पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच असतो, आणि तो कुठेतरी भिंतीत अर्थला टेकलेला असतो. तिथे मेगरवाला, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर असलेला माणूस बोलवा, ते तुमच्या हातचं काम नाही.

ऑफिसवाल्यांची तक्रार वेगळी. दोष कुठेच नाही, तरी स्विच पडतो. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला फिल्टर थोडा करंट अर्थमध्ये सोडतो. तो दोष नाही, त्याची रचनाच तशी आहे. एकाचा एक-दीड मिलिअँपिअर धरा, असे पंधरा एका स्विचवर. 30 च्या स्विचला 15 च्या पुढे कधीही पडायची मुभा असते. सकाळी सगळे एकदम चालू झाले की खलास. उपाय सर्किटं वाटून देणं. 30 चा काढून 100 चा लावणं हा उपाय नाही, तो मी पाहिलेला आहे म्हणून सांगतो.

दुकान, कारखाना, ऑफिस असेल तर नुसत्या बटणावर भागत नाही. आरसीसीबी तपासायचं मीटर घेऊन माणूस यायला हवा. अर्ध्या करंटला पडता कामा नये, पूर्ण करंटला 300 मिलिसेकंदांत, पाचपटीला 40 मध्ये. आकडे रजिस्टरमध्ये लिहून घ्या. पाचपटीला गेल्या वर्षी 22 मिलिसेकंद होते आणि यंदा 38, तर तो अजून पास आहे, पण म्हातारा होतोय. त्याच फेरीत टर्मिनलचे स्क्रू आवळून घ्या. ढिल्या स्क्रूने काळवंडलेली वायर तुम्ही पाहिली असेलच.

(पुन्हा बोर्ड जवळून.)

आणि बटण. ते दाबलं की एका रेझिस्टरमधून थोडा करंट कड्याला बगल देऊन सोडला जातो, म्हणजे मुद्दाम जमाखर्च चुकवायचा. त्याने स्विच जिवंत आहे एवढं कळतं. अर्थिंग ठीक आहे हे कळत नाही, किती वेळात पडला हेही नाही. पण आतली यंत्रणा बारीक स्प्रिंग आणि खिट्टीची असते. वर्षानुवर्षं हलली नाही की धूळ बसते, वंगण सुकतं आणि ती अडकते. दाबल्याने ती हलती राहते. किती दिवसांनी दाबायचं ते कंपनी लिहून देते, कोणी दर महिन्याला म्हणतं, कोणी सहा महिन्यांनी. घरात कोणी वैद्यकीय यंत्रावर असेल तर आधी त्याची सोय करा.

दाबलं आणि पडला नाही, तर अर्ध्या मिनिटाने पुन्हा दाबून बघा हा शहाणपणा नको. आधी सप्लाय आहे ना बघा, कारण सप्लाय नसेल तर बटण चालत नाही. सप्लाय असूनही पडत नसेल तर तो बदलायचा. आजच.

मी बोर्डाच्या दाराला आतून एक पट्टी चिकटवलीय, तिच्यावर तारखा लिहितो. ही बघा. शेवटची तारीख... पाच महिन्यांपूर्वीची आहे. तुम्हाला एवढं ऐकवलं आणि हे. थांबा, कॉम्प्युटर बंद करून येतो, मग दाबू.