केसाळ वेधशाळा

नमस्कार मंडळी. आज केसांवर बोलायचंय, आणि तेही धड सरळ नाहीत, धड कुरळे नाहीत अशा अधल्यामधल्या केसांवर. आमच्या घरी अशा केसांना नावच नव्हतं. सरळ केसवालीच्या शेपट्याचं कौतुक, कुरळीचे गालगुच्चे, आणि माझ्या वाट्याला काय, तर "त्या झिंज्या आवर आधी". आता त्यांना वेव्ही म्हणतात, आपण नागमोडी म्हणू.

आपले केस नागमोडी आहेत हे कित्येकींना माहीतच नसतं बरं का. न्हाऊन आलं की खसाखसा पुसायचं, सुकले की फणी मारायची, आणि मग आरशात बघून म्हणायचं की माझे केस राठच आहेत. एकदा असं करून बघा, न्हाल्यावर विंचरू नका, हात लावू नका, तसेच सुकू द्या. इंग्रजी एससारखं वळण पडलं की तुम्ही आमच्या पार्टीतल्या. परत सांगते, हात लावायचा नाही, सुकेस्तोवर हात लावायचा नाही, ही सवय मोडायला मला चाळिशी उजाडली.

तर माझी गोष्ट सांगते, मी ती सगळीकडे सांगते, घरचे आता उठून जातात.

माझा मामा हवामान खात्यात होता, रत्नागिरीला. मी सहावीत असताना मे महिन्यात तो मला वेधशाळा बघायला घेऊन गेला. हिरवळीवर पायावर उभी पांढरी पेटी, तिला खिडकीसारख्या झडपा. मामानं आतलं एक यंत्र दाखवलं, फिरणारा ड्रम, त्यावर कागद, कागदावर शाईची रेघ ओढणारं पेन, आणि त्या पेनाला जोडलेली, सांगू काय, केसांची जुडी. माणसाच्या केसांची! मी म्हटलं, कोणाचे? तर म्हणे कोणाचे का असेनात, हवेत ओल वाढली की केस लांबतो आणि हवा कोरडी झाली की आखडतो, त्यावर पेन वरखाली होतं. ही युक्ती जिनिव्हाच्या एका शास्त्रज्ञाची, सोस्यूर त्याचं नाव, 1783 साली त्यानं हवेतल्या ओलाव्यावर पुस्तकच लिहिलं. अगदी कोरड्या हवेपासून अगदी दमट हवेपर्यंत केस शंभरात दोन-अडीच भागच लांबतो, पण तेवढं पुरतं.

घरी आल्यावर मी माझाच एक केस उपटला. मामानं सांगितल्याप्रमाणे रिठ्याच्या पाण्यानं धुतला, कारण तेलकट केस ओल नीट घेत नाही. माजघरातल्या भिंतीवर खिळा, खिळ्याला केस, केसाचं दुसरं टोक खराट्याच्या हिराला बांधलं, अगदी बुडाशी, जिथे हीर टाचणीवर फिरत होता तिथे. म्हणजे केस तांदळाच्या दाण्याएवढा लांबला तरी हिराचं टोक बोटभर खाली उतरणार. मागे पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पेन्सिलीच्या खुणा. झाली वेधशाळा. वडील संध्याकाळी रेडिओवर हवामान ऐकायचे आणि मग माझ्या काट्याकडे बघून म्हणायचे, "तुमच्या खात्याचं काय म्हणणं?" (तेव्हा रेडिओवरचं हवामान ऐकायला सगळं घर गप्प बसायचं, आता जो तो मोबाईलवर ढगाचं चित्र बघतो आणि छत्री घरीच विसरतो, असो.)

आणि एक दिवस, भर दुपारी, रणरणतं ऊन असताना काटा सरकन खाली. रोज इकडेतिकडे होणारा काटा शेवटच्या खुणेच्याही खाली! मी खळ्यात धावत गेले आणि ओरडले, पाऊस येतोय, पाऊस येतोय. शेजारच्या काकूंची आंब्याची साठं वाळत होती, वीसेक ताटं असतील, त्यांनी आकाशाकडे बघितलंसुद्धा नाही, वेधशाळेवाल्याची भाची म्हणतीये म्हणजे येतच असणार, भराभरा ताटं आत. पलीकडच्यांची आमसुलं आत. कोणाच्या गोधड्या आत. (साठं म्हणजे हाताखालून थर देत देत वाळवलेलं, बाजारातली ती साखरेची पट्टी नव्हे, तिला साठं म्हणणं म्हणजे आंब्याची बदनामी आहे.) सगळी वाडी ओट्यांवर येऊन पावसाची वाट बघत बसली. तास गेला, दोन तास गेले, ऊन तसंच. एक ढग नाही.

संध्याकाळी मामा आला, काटा बघितला, मग वास घेतला, आणि माजघराच्या दारातून स्वयंपाकघरात डोकावला. आत आई सकाळपासून तांदळाच्या फेण्या वाफवत होती! मोठ्ठं पातेलं रटरटतंय, झाकण काढलं की वाफेचा लोट थेट माझ्या खिळ्यावर. मामा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. म्हणाला, "यंत्र एकदम बरोबर आहे, फक्त हवामान स्वयंपाकघरातलं आहे." त्या दिवसापासून वाडीत माझं नाव केसाळ वेधशाळा. काकूंच्या साठांचं एक ऊन फुकट गेलं ते त्यांनी माझ्या लग्नातही ऐकवलं.

पण त्या रात्री मामानं अजून एक गोष्ट केली. माझ्या कानामागची बट बोटात धरली आणि म्हणाला, आरशासमोर रडतेस ना, अगं तुझ्या डोक्यावर हेच यंत्र आहे, लाखभर केसांचं.

आता त्यामागचं थोडक्यात. केस केराटिन नावाच्या प्रोटीनचा. त्याला आतून धरून ठेवणाऱ्या गाठी (गुंत्याच्या नव्हे) मुख्यतः दोन तऱ्हेच्या. गंधकाच्या गाठी पक्क्या, पाण्याला दाद न देणाऱ्या. हायड्रोजनच्या कच्च्या, ओल लागली की सुटतात आणि सुकताना केस ज्या वळणात असेल त्या वळणात परत बसतात. म्हणून ओली वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा. म्हणून इस्त्री मारून सरळ केलेले केस लग्नाच्या हॉलवर पोचेपर्यंत सरळ आणि जेवणाच्या पंगतीला पुन्हा झिंज्या. पार्लरमध्ये केमिकलनं पक्क्या गाठी तोडून सरळ करतात ते टिकतं, पण मुळातून केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो तो वळणदारच येतो, कारण वळण मुळाच्या आकारातून येतं.

मग करायचं काय. डोक्याचं तेल नागमोडी केसावरून खाली नीट घसरत नाही, म्हणून मुळं तेलकट आणि टोकं कोरडी. तेल न्हाण्याआधी लावा, नंतर नको, नंतर लावलं की लाटा चपट्या होतात. शाम्पू मुळांना, कंडिशनर टोकांना. विंचरायचं ते कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतच, रुंद दातांच्या फणीनं, खालून वर. सुकल्यावर फणी नाही, परत सांगते, सुकल्यावर फणी नाही. टर्किश टॉवेल बाजूला, जुना सुती पंचा किंवा बनियन घ्या आणि केस मुठीत घेऊन वरच्या बाजूला दाबा, घासू नका.

आणि जवस. हो, चटणीचाच. दोन चमचे जवस, दोन कप पाणी, ढवळत उकळा, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की लगेच मलमलच्या फडक्यातून गाळा, गार झालं की गळतच नाही आणि गाळणीही जाते कामातून. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. ओल्या केसांना लावायचं आणि मग काय? हात लावायचा नाही! सुकल्यावर केस कुरडईसारखे कडक होतील, घाबरू नका, मुठीत हलके चुरगळा, मोकळे होतात. भर पावसाळ्यात तरी थोडे पिंजारतातच, तेवढं चालायचंच.

वेळ संपली म्हणून स्टुडिओच्या काचेपलीकडून खुणा चालल्यात. जाता जाता आजचं हवामान, माझी कानामागची बट सकाळपासून ओल खाऊन वळत वर चढलीये, वाळवणं आत घ्या. पण आधी स्वयंपाकघरात काही उकळत नाहीये ना, ते बघा. नमस्कार.