चिखलातलं होकायंत्र

पडद्यावर दिसतोय तो पाण्याचा एक थेंब. त्यात हलणारे ठिपके म्हणजे चिखलातले जीवाणू. आता शेजारी लोहचुंबक आणू. बघा, सगळे एकाच बाजूला धावले. चुंबक फिरवला, तेही वळले.

इटलीत पाविया विद्यापीठात साल्वातोरे बेलिनी यांनी १९६३मध्येच हे पाहिलं होतं; पण त्यांचं काम फारसं कुणाच्या नजरेला आलं नाही. पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या दलदलीतला चिखल तपासताना रिचर्ड ब्लेकमोर यांना तेच दिसलं आणि १९७५मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं.

या जीवाणूच्या पोटात मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या एका चुंबकीय खनिजाचे, स्फटिक असतात, माळेत मणी ओवावेत तसे. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग करा. बहुतेक मणी त्यातल्या एका भागाहूनही लहान. लोह पाण्यातून ओढून जीवाणू ते स्वतः घडवतो. मेलेला जीवाणूसुद्धा चुंबकासमोर वळतो, कारण वळवणारी ती माळ असते. पोहण्याचं बळ मात्र जिवंतपणाचं, शेपटीचं.

हा खटाटोप कशासाठी? मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हे: त्याला उत्तरेला जायचंच नसतं. त्याला हवी असते अगदी थोडा प्राणवायू असलेली जागा, आणि ती असते खाली, गाळात. उत्तर गोलार्धात पृथ्वीच्या चुंबकीय रेषा उत्तरेकडे जाता जाता जमिनीत उतरतात. ती रेषा धरली की जीवाणू आपोआप तळाकडे जातो. दक्षिण गोलार्धातले त्याचे बहुतेक भाऊबंद दक्षिणेकडे पोहतात आणि तेही खालीच पोचतात.

दक्षिण अटलांटिकच्या खोल तळावरही हे जीवाणू जिवंत सापडले आहेत. ते मरतात, देह विरघळतो, मणी गाळात उरतात. त्या वेळी पृथ्वीचं चुंबकत्व कोणत्या दिशेला होतं, याची खूण त्यांत राहते. सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटले. समुद्रतळाच्या गाळात त्याची नोंद आहे, आणि अशा नोंदींत या मण्यांचाही वाटा असतो.

गोव्यात, दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या संशोधकांना बंगालच्या उपसागराच्या सुमारे पन्नास हजार वर्षं जुन्या गाळात असेच, पण या मण्यांच्या मानाने महाकाय स्फटिक मिळाले. काही सुईसारखे, काही भाल्याच्या पात्यासारखे. २०२४मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्यासाठीचं लोह नद्यांनी वाहून आणलं, असं ते सांगतात. त्या नद्यांत आपल्या त्र्यंबकेश्वरची गोदावरी आहे.

एवढे मोठे स्फटिक घडवणारा जीव जिवंत असा आजवर कुणालाही दिसलेला नाही.