हैदराबादच्या आउटर रिंग रोडवर गाडी घालण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. गाडीने तिरुपतीला किंवा हैदराबादच्या विमानतळावर निघालात, तर शहराच्या गर्दीत शिरायचं कारण नाही. 158 किलोमीटरचा आठपदरी आउटर रिंग रोड शहराला बाहेरून वेढतो. सोलापूर, लातूर, नांदेडकडून येणाऱ्यांनी पटनचेरूजवळ, मुत्तंगीला, 3 नंबरच्या एक्झिटवर चढायचं. नागपूरकरांनी मेडचलला, 6 नंबरवर. दोघांनीही शमशाबादला, म्हणजे 16 नंबरला उतरायचं. पटनचेरूपासून हे अंतर साधारण 45 किलोमीटर.

आकडे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वाढतात आणि 19 नंतर पुन्हा 1 येतो. त्यामुळे पटनचेरूहून शमशाबादला जाताना 2, 1, 19, 18 असे फलक दिसले, तर रस्ता बरोबर आहे. 4, 5 दिसू लागले की समजा, उलट्या बाजूला चढलात आणि आता शहराला मोठा वळसा पडणार. एक्झिट हुकली तर पुढच्या एक्झिटला उतरून फिरा. काही किलोमीटर जास्त पडतील, पडू द्या. रिव्हर्स मात्र चुकूनही घेऊ नका. मागून येणारी गाडी सेकंदाला तीसेक मीटर कापत असते.

2023 पासून उजवीकडच्या लेनमध्ये ताशी 120 ची मुभा आहे. पण वेग 100 वरून 120 वर नेला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जवळजवळ 44 टक्के जास्त अंतर लागतं. त्यात टपावर सामान, आत सहा माणसं आणि हवा कमी असलेले टायर! कमी हवेचा टायर सतत दबत राहतो, तापतो आणि फुटतो. हवा गाडी थंड असतानाच तपासा, दाराच्या पट्टीवर पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याइतकी भरा. आमच्या मते भरलेल्या गाडीला 80 पुरे, तेही डावीकडून.

गाडी बंद पडली तर अगदी डाव्या कडेला घ्या, दिवे लुकलुकत ठेवा आणि सगळ्यांना कठड्याच्या पलीकडे उभं करा. गाडीत बसून राहू नका. सेल्फीसाठी थांबणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

मोटरसायकलला मुख्य रस्त्यावर बंदी आहे, तिने सर्व्हिस रोड धरावा.

टोल अंतरानुसार, फास्टॅगवरून कापला जातो. राष्ट्रीय महामार्गांचा वार्षिक पास इथे चालत नाही, तेव्हा फास्टॅगमध्ये वेगळी शिल्लक ठेवूनच निघा.